दहा मिनिटं पुढचं घड्याळ

गजभिये मॅडमसमोर 'मला वाटतं' असं म्हणायची सोय नव्हती. चुकून म्हटलंच, तर त्या हातातलं काम थांबवायच्या, चष्म्याच्या वरून बघायच्या आणि विचारायच्या, "पाहिलंस, की कुणी सांगितलं?" प्रिंटर बिघडलाय म्हणावं तर हा प्रश्न. इंटरनेट गेलंय म्हणावं तर हाच प्रश्न. एकदा मी भुकेच्या तंद्रीत "मॅडम, कँटीनमध्ये आज उपमा आहे" म्हणाले, तर त्यावरही त्यांनी तेच विचारलं, आणि दुर्दैवाने मला कुणीतरी सांगितलेलंच होतं. खाली गेल्यावर बघते तर पोहे. त्या काही बोलल्या नाहीत, पण पोहे खाताना माझ्याकडे बघून अशा हसल्या की ते पोहे मला गोड लागले नाहीत.

मी तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली होते. मंडईजवळच्या घरातून बस पकडून हडपसरला जायचं आणि तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरची दुखणी निस्तरायची, हे माझं काम. परदेशी कंपन्यांची कामं पुण्यात येत होती, रोज कुठेतरी नवी काचेची इमारत उभी राहत होती आणि नातेवाईक मला लग्नापेक्षा पगार जास्त विचारू लागले होते. आमच्या कंपनीतले सगळे सर्व्हर, सगळी जोडणी आणि आम्ही दोन-तीन नवशिके हे सारं गजभिये मॅडमच्या हाताखाली होतं. त्या नागपूरकडच्या. वडील तिथल्या शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात कामगार होते. पुण्यात त्या एकट्याच दोन खोल्यांत राहायच्या. एरवी त्यांचं मराठी आमच्यासारखंच होतं, पण चिडल्या की 'का' च्या जागी 'काहून' यायचं, आणि ते आलं की आम्ही सगळे कीबोर्डवर मान घालायचो.

त्यांच्या हातातलं घड्याळ हा आमच्या चेष्टेचा विषय होता. साधं, चामडी पट्ट्याचं, पुरुषी घड्याळ. रोज सकाळी रेडिओवर बातम्यांच्या आधी ठोके पडतात, त्या ठोक्यांवर त्या ते लावायच्या. कारखान्याच्या भोंग्यावर घर चालायचं, त्यामुळे ही सवय वडिलांकडून आली, असं त्या सांगायच्या. "भोंगा एकदाच होतो. तो आपल्यासाठी परत होत नाही," हे वडिलांचं वाक्य त्या वडिलांच्याच आवाजात म्हणायच्या. मी एकदा विचारलं, की मॅडम, घड्याळ काय रोज चुकतं का? त्या म्हणाल्या, "चुकत नाही हे मला कशावरून कळणार?"

दसऱ्याला आमच्याकडे कॉम्प्युटरची पूजा व्हायची. अजूनही होते सगळीकडे. ज्याच्या त्याच्या मॉनिटरला कुंकवाची बोटं, माऊसवर झेंडूचं फूल. मॅडमची त्याला ना नव्हती. पेढा त्या आवडीने खायच्या. पण सर्व्हरच्या खोलीच्या दारात त्या स्वतः उभ्या राहायच्या आणि हळदकुंकवाचं ताट आत जाऊ द्यायच्या नाहीत. "भुकटी पंख्यात जाते. श्रद्धा दाराला वाहा, दार मी पुसून घेईन." कुणी म्हणायचं, बाई फार कडक. कुणी आणखी काही म्हणायचं, हळू आवाजात, त्यांच्या आडनावाकडे बोट दाखवून. ते त्यांच्या कानावर जात नसेल असं नाही. पण त्यावर त्यांनी कधी तोंड उघडलं नाही, आणि सर्व्हरवर कधी कुंकू पडलं नाही.

या दारावर त्यांची जुंपायची ती लिमये साहेबांशी. लिमये साहेब बँकेतून निवृत्त होऊन आमच्याकडे ऑफिसची व्यवस्था बघायला आले होते. वीज, पाणी, हजेरी, चहाचे कप, सगळं त्यांच्याकडे. ऑफिसात सर्वांत आधी येणार ते. आपल्याकडे गुरुवारी वीज जायची हे पुणेकराला सांगायला नको. बॅटऱ्या दमल्या की सर्व्हर बंद करून ठेवावे लागायचे, आणि शुक्रवारी सकाळी ते चालू करायचं काम लिमये साहेब करायचे. त्यासाठी मॅडमनी त्यांना पासवर्ड दिला होता आणि बटणं कोणत्या क्रमाने दाबायची ते तीनदा करून दाखवलं होतं. साहेब चिडून म्हणाले होते, "मॅडम, मी बँकेची तिजोरी उघडत होतो तेव्हा हे यंत्र जन्मालाही आलं नव्हतं." मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच दाखवते. ह्याची किल्ली वेगळी आहे."

आता सोनवणे. हा फुरसुंगीच्या बाजूचा मुलगा, डिप्लोमा केलेला, अंगाने दांडगा आणि आवाजाने मवाळ. ऑस्ट्रेलियातल्या एका विमा कंपनीच्या तक्रारी सकाळच्या पाळीत तो एकटा सांभाळायचा. त्यांच्या माणसाने तक्रार टाकली की पाव तासाच्या आत आपलं उत्तर गेलं पाहिजे, असा करार होता. तक्रारीवर वेळ पडायची त्यांच्या कॉम्प्युटरची आणि उत्तरावर आमच्या सर्व्हरची. दोन देशांमधला फरक वजा करून ते महिन्याच्या शेवटी हिशोब काढायचे. दिवाळीनंतर त्या हिशोबात सोनवणेचं नाव लाल रंगात यायला लागलं. उत्तरं उशिरा. एकदा, दोनदा नाही, जवळजवळ रोज. डायरेक्टर साहेबांनी त्याला समज दिली. मग लेखी समज दिली. पोरगा रडकुंडीला आला. त्याची नोकरी अजून कच्ची होती, पक्की झाल्याचा कागद त्याच महिन्यात मिळायचा होता, आणि त्याचं ठरलेलं लग्न त्या कागदावर अडलेलं होतं. मुलीच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, आधी कागद, मग पत्रिका.

ज्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे त्या दिवशी दुपारी बाराला ऑस्ट्रेलियाचा फोन ठरला होता. विषय एकच, सोनवणे. फोननंतर त्याला घरी पाठवायचं हे जवळपास ठरल्यासारखंच होतं. सकाळी तो सर्व्हरच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, तुम्ही तरी ऐका. मी येळंतच उत्तर देतो. आईची शपथ. तक्रार दिसली की हात धुवायलाबी उठत नाय मी."

मॅडमनी शपथेकडे लक्षच दिलं नाही. "तुम्ही पाहिलंय का, तुमचं उत्तर किती वाजता जातं ते?"

"त्यांच्या रिपोर्टात येतं की."

"ते त्यांनी सांगितलं. तुम्ही पाहिलं का?"

मॅडम उठल्या, त्याच्या टेबलापाशी गेल्या, शेजारची खुर्ची ओढून बसल्या. मीही मागे जाऊन उभी राहिले. एक तक्रार येईपर्यंत आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. कुणीतरी गंमत केली, "आज काय सिनेमा लागलाय का?" मॅडमनी मान वळवली नाही. तक्रार आली. मॅडमनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. सोनवणेने वाचलं, तपासलं, उत्तर लिहिलं, धाडलं. खरंच झटपट केलं, मी डोळ्यांनी पाहिलं. मॅडमनी पुन्हा मनगटाकडे बघितलं, मग गेलेल्या उत्तरावरची वेळ बघितली. मग समोर भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बघितलं.

"मीनल, पडद्यावरची वेळ बघ. भिंतीवरची बघ. आणि ही बघ."

भिंत आणि पडदा अगदी जुळत होते. मॅडमचं मनगट दहा मिनिटं मागे होतं.

"मॅडम, तुमचं घड्याळ मागे पडलंय," मी म्हणाले. दोन घड्याळं एक सांगतात आणि तिसरं वेगळं सांगतं, तेव्हा चूक कुणाची हे सांगायला शिक्षण लागत नाही, असं मला वाटलं. माझ्या मोबाइलचं घड्याळही भिंतीशी जुळत होतं. ते मी भिंतीकडेच बघून लावलेलं होतं हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मोबाइलचं घड्याळ हातानेच लावावं लागायचं.

"दोघं एकच सांगतात म्हणून ते खरं होत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्या दोघांना कुणी सांगितलं ते बघायचं." आणि त्या थेट लिमये साहेबांच्या टेबलाकडे चालू लागल्या.

लिमये साहेबांनी काही म्हणजे काही लपवलं नाही. उलट त्यांना कुणीतरी विचारल्याचा आनंद झाला. "भिंतीवरचं ना? ते दहा मिनिटं पुढे असतं. मीच ठेवतो. घरीही तसंच आहे, बँकेतही तसंच होतं. घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवलं की माणूस वेळेवर पोचतो."

"आणि सर्व्हरचं?"

"तेही मीच लावतो. दर शुक्रवारी. अहो, तुमचं यंत्र दिवाळीपासून मागे पडायला लागलंय. उशिरा येणारी मंडळी हजेरीत वेळेवर आलेली दिसू लागली. मग मी भिंतीकडे बघून लावून टाकतो. तुम्हाला कशाला त्रास?"

आता 'काहून' येणार म्हणून मी श्वास रोखला. तो आला, पण भलत्याच ठिकाणी. "काहून मागे पडायला लागलं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "त्याला तर बाहेरून वेळ मिळते."

इथे थोडं सांगायला हवं. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर सर्व्हरला वेळ विचारायचे आणि सर्व्हर स्वतः इंटरनेटवरच्या एका खात्रीच्या घड्याळाला वेळ विचारायचा. थोडं पुढेमागे झालं तरी ते घड्याळ त्याला ताळ्यावर आणायचं. म्हणजे लिमये साहेबांनी शुक्रवारी दहा मिनिटं ढकलली, तरी थोड्याच वेळात ती आपोआप मागे यायला हवी होती. ती येत नव्हती याचा अर्थ सर्व्हर आणि बाहेरचं घड्याळ यांचं बोलणंच बंद पडलं होतं.

आम्ही सर्व्हरसमोर बसलो. मॅडमनी आधी आपल्या मनगटावरून वेळ नीट लावली. मग बाहेरच्या घड्याळाशी जुळवायची आज्ञा दिली. यंत्राने थोडा वेळ विचार केला आणि चूक झाल्याचं सांगितलं. पुन्हा दिली. पुन्हा चूक. बाहेरच्या दुसऱ्या एका घड्याळाचा पत्ता घालून पाहिला. पुन्हा तेच. मी म्हटलं, इंटरनेट बंद असेल, आणि लगेच जीभ चावली. पण मॅडमनी या वेळी विचारलं नाही. त्यांनी स्वतःच एक संकेतस्थळ उघडून बघितलं. ते उघडलं. मेल जात होती, येत होती. फक्त वेळ येत नव्हती.

दारात डायरेक्टर साहेबांचा निरोप घेऊन कुणीतरी डोकावून गेलं, फोनची तयारी झाली का म्हणून. सोनवणे बाहेर भिंतीला टेकून उभा होता. त्याला आम्ही काय करतोय ते कळत नव्हतं आणि विचारायचं धाडस होत नव्हतं.

"एवढं पुरे आहे ना मॅडम?" मी म्हणाले. "घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं हे तर सिद्ध झालं."

"आजचं सिद्ध झालं. ते विचारतील, दिवाळीपासून रोज होतं कशावरून? मग आपण काय म्हणायचं? आम्हाला वाटतं?"

त्यांनी सर्व्हरमधला वेळ जुळवणारा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला. यंत्र बंद असताना वेळ सांभाळणारा, आतल्या बोर्डावरचा बटणासारखा छोटा सेल काढून नवा घातला. घालताना तो एकदा त्यांच्या हातून खाली पडला आणि मी टेबलाखाली रांगून शोधला. यंत्र पुन्हा चालू होईपर्यंतची ती मिनिटं मला अजून आठवतात. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकत होती आणि आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत होतो. यंत्र चालू झालं. आज्ञा दिली. चूक.

मग मॅडमनी आपला लॅपटॉप आणला. बाहेरून येणारी इंटरनेटची तार आमच्याकडे आधी एका नव्या पेटीत शिरायची आणि तिथून पुढे सगळीकडे जायची. ही पेटी म्हणजे फायरवॉल, बाहेरचं जग आणि आमची यंत्रं यांच्या मधला पहारेकरी. मॅडमनी ती तार क्षणभर पेटीतून काढून सरळ लॅपटॉपला लावली. वेळ जुळवायची आज्ञा दिली. तत्काळ जुळली. तार परत पेटीला लावली, लॅपटॉप पेटीच्या अलीकडे जोडला, पुन्हा आज्ञा दिली. चूक.

आत्तापर्यंत मला सगळं कळलं होतं आणि मी मॅडमकडे बघायचं टाळत होते. ही पेटी दसरा आणि दिवाळीच्या मध्ये आली होती. सुरक्षिततेची तपासणी करायला ऑस्ट्रेलियाचीच माणसं येणार होती, म्हणून ती घाईत बसवली. बसवली मॅडमनी. कोणत्या वाटा उघड्या ठेवायच्या आणि कोणत्या बंद करायच्या हे ठरवलं मॅडमनी. 'लागतात तेवढ्याच उघड्या, बाकी सगळ्या बंद' हा नियम त्यांचाच. मेलची वाट उघडी, संकेतस्थळांची उघडी, फायलींची उघडी. घड्याळाची राहून गेली. त्या दिवशी त्यांनी एकेक वाट चालवून बघितली होती, मी शेजारीच होते. घड्याळाची वाट मात्र चालवून बघितली नव्हती.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. चष्मा काढला. "मी पाहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं."

मला ते ऐकवलं नाही. मी घाईघाईने बोलायला लागले, आणि जे बोलले ते कुठल्याही शहाण्या माणसाने बोललं असतं असं मला आजही वाटतं. मी म्हणाले, "मॅडम, ही वाट आत्ता उघडून टाका, एका मिनिटाचं काम आहे. आणि आत जाऊन सांगा की लिमये साहेबांनी घड्याळ हाताने फिरवलं. ते खरंच आहे. ते स्वतः कबूल करतायत. दर शुक्रवारी फिरवलं हेही सांगतील. सोनवणे सुटला. पेटीचं कशाला काढायचं?"

"साहेबांनी घड्याळ काहून फिरवलं?"

"मागे पडत होतं म्हणून."

"काहून मागे पडत होतं?"

त्यांनी वाट उघडली, आज्ञा दिली, घड्याळ जुळलं. एवढा वेळ जे होत नव्हतं ते आता इतक्या सहज झालं की मला त्या यंत्राचाच संताप आला. मॅडम चष्मा पुसून उठल्या आणि सोनवणेला म्हणाल्या, "चला."

त्या वेळी मॅडमचं काय पणाला लागलं होतं ते सांगते. त्याच कंपनीचं नवं काम मिळणार होतं आणि ते उभं करायला मॅडम सहा महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियाला जायच्या होत्या. व्हिसाचे कागद गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्या विमानात बसणार होत्या. त्यासाठी त्यांनी एक मोठी निळी बॅग घेतली होती आणि तिचं कुलूप तीन वेळा उघडून बंद करून मला दाखवलं होतं. आणि करारात स्पष्ट होतं, की फायरवॉलमध्ये केलेला बदल तपासल्याशिवाय चालू करायचा नाही.

मीटिंगच्या खोलीत टेबलाच्या मध्यभागी फोन होता. डायरेक्टर साहेब होते, लिमये साहेबांना मॅडमनीच बोलावून घेतलं होतं, मी मॅडमच्या शेजारी बसले होते आणि सोनवणे खुर्ची असूनही उभा होता. पलीकडून एक बाई बोलत होत्या, अत्यंत सभ्यपणे, आणि सभ्यपणेच सोनवणेला त्यांच्या कामावरून काढायची मागणी करत होत्या. त्यांचं संपल्यावर मॅडमनी बोलायला सुरुवात केली. आमचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. उशिरा दिसणाऱ्या प्रत्येक उत्तरातून दहा मिनिटं वजा करा, एकही उत्तर उशिरा ठरणार नाही. पलीकडून प्रश्न आला, असं कसं झालं?

डायरेक्टर साहेब चटकन म्हणाले, की ऑफिसच्या कर्मचाऱ्याकडून घड्याळ हाताने बदललं गेलं. लिमये साहेबांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांची दहा मिनिटं त्यांच्या अंगावर एकदम आली होती. पलीकडच्या बाई 'अच्छा' अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या. तिथे सगळं संपलं असतं.

"ते दुसरं कारण आहे," मॅडम म्हणाल्या. "पहिलं कारण मी आहे."

डायरेक्टर साहेबांनी झटकन फोनचा आवाज बंद करायचं बटण दाबलं. "मॅडम, एवढं नको. विषय मिटलाय."

"सर, बटण सोडा."

"तुमचं जाणं आहे, मॅडम. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. बटण सोडा."

साहेबांनी बोट उचललं. मॅडमनी आपल्या सरळ, जरा नागपुरी चालीच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. पेटी मी बसवली, ही वाट मी बंद केली, ती तपासली नाही, तपासल्याशिवाय चालू केली. साहेबांनी घड्याळाला हात लावला कारण माझ्या चुकीने ते मागे पडत होतं, आणि पासवर्डही त्यांना मीच दिला होता. सांगताना आवाज एकदाही हलला नाही. फक्त टेबलाखाली त्यांचा उजवा हात घड्याळाचा पट्टा सारखा घट्ट आणि सैल करत होता, तो मला दिसत होता.

सोनवणेला त्याच आठवड्यात पक्का झाल्याचा कागद मिळाला. पत्रिका छापल्या, लग्न झालं, आम्ही जेवून आलो. ऑस्ट्रेलियाहून आभाराचं पत्र आलं आणि त्याच पत्रात, त्यांच्या जोडणीच्या कामात यापुढे या बाई नकोत, असंही होतं. व्हिसाचे कागद थांबले. नवं काम दुसऱ्याकडे गेलं. मॅडमकडे हजेरीचं यंत्र आणि प्रिंटर उरले. त्यांनी तेही अगदी मन लावून केलं. लिमये साहेब मात्र त्या दिवसापासून त्यांना 'ताई' म्हणू लागले आणि भिंतीवरचं घड्याळ त्यांनी रोज सकाळी मॅडमच्या मनगटाकडे बघून लावायला सुरुवात केली. सर्व्हरच्या खोलीत ते नंतर कधी एकटे गेले नाहीत.

आणि सोनवणे? सोनवणे कँटीनमध्ये चारचौघांत सांगायचा, "त्या बाईच्या चुकीपायी माझं लगीन मोडायची पाळी आली हुती." हे मी ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वर येऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी विचारलं, कुणी सांगितलं? मी म्हणाले, माझ्या कानांनी ऐकलंय. त्या म्हणाल्या, "मग बरोबर आहे. तो खोटं काय बोलतोय?"

त्या फार दिवस राहिल्या नाहीत. हिंजवडीच्या एका कंपनीत त्यांना काम मिळालं. हडपसरहून हिंजवडी म्हणजे तेव्हाही दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यासारखंच होतं. शेवटच्या दिवशी मी केक आणला होता. लिमये साहेबांनी चार वाक्यांचं भाषण लिहून आणलं आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांचा चष्मा धूसर झाला. सगळे जमले होते. सोनवणे आला नाही. त्याच्या टेबलावरून हलला नाही.

केक कापून झाल्यावर मॅडमनी एक तुकडा कागदी बशीत घेतला आणि त्या स्वतः त्याच्याकडे गेल्या. मी मागे होतेच. बशी त्याच्या कीबोर्डशेजारी ठेवून त्या म्हणाल्या, "सोनवणे, तुमचे ते दिवस फार वाईट गेले. तुमची माफी मागायची राहिली होती, ती मागते."

सोनवणे अर्धवट उठला, परत बसला. बशीकडे बघत म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. झालं ते झालं. माझ्या मनात आता काय नाय."

त्याने त्यांना माफ केलं! मोठ्या मनाने! माझं डोकंच फिरलं. मॅडम म्हणाल्या, "बरं वाटलं," आणि पर्स उचलून जिन्याकडे गेल्या. त्यांना खरंच बरं वाटलं होतं, हे त्यांच्या चालीवरून कळत होतं.

जिन्यात मी त्यांना गाठलं आणि जे साठलं होतं ते सगळं बाहेर काढलं. म्हटलं, कसला माज आहे त्याला! त्याने तुमच्या पाया पडायला हवं होतं. तुमची परदेशवारी गेली, तुमचं काम गेलं, कुणासाठी? तुम्ही नसता तर आज त्याची ना नोकरी असती ना संसार.

मॅडम एक पायरी खाली उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जो त्यांनी त्याआधी कधी ठेवला नव्हता.

"मी नसते, तर त्याला हे भोगावंच लागलं नसतं, मीनल."

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. खाली रस्त्यावर त्या रिक्षावाल्याला विचारत होत्या, स्टेशनपर्यंत मीटरने येणार का.